खमिरात पाणी मुरतंय

चि. धाकटीस,

ताईचे पुष्कळ आशीर्वाद. घरातल्या थोरांना नमस्कार सांग आणि नातीला माझा एक पापा दे (तिला सर्दी नसेल तर, तू तसं लिहिलं नाहीस, पण या दिवसांत लहान मुलांना ती असतेच आणि मोठी माणसं लपवतात).

तुझं पत्र परवा मिळालं. 'माझी प्रकृती उत्तम आहे' असं तू त्यात तीन ठिकाणी लिहिलं आहेस. एकदाच लिहिलं असतंस तर मी विश्वास ठेवला असता. पित्ताशयातले खडे काढून तीन महिने झालेल्या बाईची प्रकृती बरी असते, फार तर चांगली असते. उत्तम कशी असेल? टाक्यांच्या जागी दुखतंय का? तळलेलं खायला लागलीस का? खरं काय ते उलट टपाली कळव. फोन करू नकोस. फोन बैठकीच्या खोलीत आहे आणि तिथेच आमचे हे वर्तमानपत्र वाचत बसलेले असतात. गेले काही दिवस पान उलटल्याचा आवाज येत नाही, म्हणजे कान कुठे असतात ते समज. म्हणून हे सगळं लेखी.

आधी मुद्द्याचं सांगते, मग पाल्हाळ लावते. येत्या रविवारी आमच्या इमारतीच्या सभागृहात पंधरा बायका धुऊन पुसून कोरड्या केलेल्या पंधरा बाटल्या घेऊन येणार आहेत. मी त्यांना घरी पाव करायला शिकवणार आणि प्रत्येकीला माझ्या खमिरातला एकेक चमचा देणार. तशी सूचना जिन्याखाली लावली आहे. अक्षर माझं आहे. 'फक्त पीठ, पाणी आणि स्वतःचे हात' असं मी तिथे लाल शाईने लिहिलं आहे, आणि गेल्या गुरुवारपासून त्या जिन्यावरून जाताना मी भिंतीकडे बघत नाही.

तुला माझा स्वभाव माहीत आहे. अठ्ठावीस वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात शर्ट उलटे करून शिवण तपासली, त्यामुळे वरून छान दिसणाऱ्या वस्तूवर माझा भरवसा बसत नाही. (लग्नात ह्यांचा कोटही मी उलटा करून बघितला होता. अस्तर सुटलेलं होतं. तरी मी लग्न केलं, हे माझ्या उदारपणाचं एकमेव उदाहरण म्हणून तू सांगत असतेस.) तर दोन वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या बेकरीत मी एक पाव घेतला, नेहमीप्रमाणे उलटा केला, आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले की खालून करपलाय आणि आतून कच्चा असणार. बेकरीवाल्या बाई म्हणजे उंच, दंडाने माझ्या दुप्पट, बोलायला कंजूष. त्यांनी पाव माझ्या हातातून काढून घेतला, फडताळात ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "मग घरी करा."

करते की, म्हटलं. तिथून सगळं सुरू झालं.

पहिला पाव असा झाला की वाऱ्याने दार आपटू नये म्हणून ह्यांनी तो आठवडाभर दाराशी लावून ठेवला. दुसरा फुगला, पण एकाच बाजूने. सहावा खाता आला. अकरावा मी ओव्हनमधून काढला, कानाशी धरला, आणि त्याची कड तडतडत होती ग! गार होताना पाव तसा बोलतो. मी स्वयंपाकघरात एकटीच उभी राहून हसत होते. चारचौघांत कबूल करणार नाही, लोकांना मी सांगते की बाजारच्या पुड्यांत काय घालतात कोण जाणे म्हणून मी घरी करते. पण तुला खरं सांगते, मला त्यात फार मजा येते. मग पाव झाला तर त्याला लोणी नको का? लोणी आलं तर मुरांबा नको का? मोहरीची चटणी वाटली तेव्हा आम्ही दोघं इतके रडलो की शेजारीण चौकशीला आली. चीज केलं, तर ते कापडात बांधून न्हाणीघराच्या नळाला टांगलेलं, आणि हे दोन दिवस तांब्याने वाकून आंघोळ करत होते. शेवया केल्या त्या खुर्च्यांच्या पाठींवर वाळत घातल्या. विजेचा मीटर बघायला आलेला माणूस बसा म्हटलं तरी बसला नाही, उभ्याउभ्या आकडे लिहून गेला. सफरचंदांच्या सालींचं व्हिनेगर पलंगाखाली आहे. (त्याबद्दल हे काही बोलत नाहीत, पण उशी आता पायाकडच्या बाजूला घेऊन झोपतात.) साठी आली तरी माझ्या हाताला अजून काहीतरी नवं येतं, हे मला रोज सकाळी जाग आल्या आल्या आठवतं आणि मी चटकन उठते. कारखान्यात मी आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेलं तपासलं. करणारी आता मी आहे.

पण या सगळ्याचं मूळ म्हणजे ते खमीर. पीठ आणि पाणी बरणीत कालवून ठेवायचं, रोज थोडं काढायचं, थोडं ताजं घालायचं, असं अकरा दिवस केलं की ते आपोआप फसफसायला लागतं. विरजणासारखंच, फक्त विरजण शेजारणीकडून मागून आणता येतं आणि हे मी कोणाकडून आणलं नव्हतं. माझ्या पिठातून, माझ्या पाण्यातून, माझ्या खिडकीतल्या हवेतून ते झालं. पावात मला अभिमान असेल तर तो त्या बरणीचा.

तुझ्या शस्त्रक्रियेच्या वेळी मी दहा दिवस तुझ्याकडे आले, तेव्हा बरणी ह्यांच्या स्वाधीन केली. सूचना कागदावर लिहून बरणीला चिकटवल्या. चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर असलेल्या माणसाला डोस समजावून सांगावा लागत नाही, असं मला वाटलं. परत आले तर बरणी जागेवर, खमीर फसफसतंय, ओटा लख्ख. ओटा लख्ख! चौतीस वर्षांत ह्यांनी ओटा पुसलेला मी पाहिला नव्हता. तिथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली, पण प्रवासाने पाठ दुखत होती, म्हणून सोडून दिलं.

मग एकेक दिसायला लागलं. खमीर किती चढतं ते कळावं म्हणून मी बरणीला रबरबँड लावते. माझं खमीर तिथवर यायला सहा तास घ्यायचं. आता चार तासांत यायला लागलं. म्हटलं, हवा बदलली असेल. वासही थोडा वेगळा, गोडसर. म्हटलं, आपलं नाक म्हातारं झालं. पण नंतर हे पावाला 'उत्तम' म्हणायला लागले. हे बघ, आमच्या घरात 'बरं झालंय' याच्यावर पायरीच नव्हती. माझ्या हातचं जेवण, लेकीच्या परीक्षेचा निकाल, स्वतःचा निवृत्तीचा समारंभ, सगळं 'बरं' झालं होतं. आणि अचानक 'उत्तम', तेही मी विचारायच्या आत. शिवाय दर गुरुवारी दहा वाजता इस्त्रीचा शर्ट घालून वाचनालयात जाणं सुरू झालं. वाचनालय गुरुवारी बंद असतं.

तू म्हणशील, त्या वयात काय संशय घ्यायचा. तसला संशय मी घेतलाही (एक दुपारभर), मग ह्यांचे गुडघे आठवले आणि तो सोडून दिला. मला त्याहून वाईट संशय आला. मला वाटलं, हे बाहेरचा पाव खातात.

हसू नकोस. गुरुवारी परत आले की शर्टाच्या कोपरावर पीठ. खिशात हात घातला (धुवायला टाकताना खिसे बघावेच लागतात) तर तिथेही पीठ. अंगाला भट्टीचा ऊबदार वास. मी घरी पहाटे उठून कणीक तिंबते, आणि हा माणूस माझ्या पावाला उत्तम म्हणून मग जाऊन विकतचा खातो! खाई त्याला खवखवे. म्हणूनच ते कौतुक, म्हणूनच तो लख्ख ओटा. दोन गुरुवार मी नुसती बघत राहिले. दुसऱ्या गुरुवारी जेवायला मुद्दाम पाव कमी वाढला. ह्यांनी आणखी मागितला. म्हणजे भूक होती. त्यानेही मी गोंधळले नाही. कसलेला गुन्हेगार पुरावा ठेवत नाही.

गेल्या गुरुवारी मी पाठलाग केला. पायात ह्यांचे जुने कापडी बूट घातले, कारण माझ्या चपला वाजतात. हे वाचनालयाच्या रस्त्याने निघाले, औषधाच्या दुकानापाशी थांबून मागे बघितलं (मी खांबाआड होते, खांब बारीक आहे, पण हे चष्मा विसरले होते), आणि वळले ते थेट बेकरीच्या मागच्या बोळात. तिथे भट्टीची भिंत आहे, तिला टेकून तीन मांजरं बसलेली असतात. मागचं दार उघडं, आत पिठाची पोती आणि पावाच्या लाकडी फळ्या. ह्यांनी पिशवीतून रिकामी औषधाची बाटली काढली. बाईंनी एका मोठ्या डब्यातून चमचाभर काहीतरी त्यात सोडलं. ह्यांनी बाटली उजेडासमोर धरून बघितली, बूच लावलं, नमस्कार केला आणि निघाले. पावाच्या तुकड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

हे गेल्यावर मी आत शिरले. दोन वर्षांनी त्या दुकानात पाऊल टाकलं, तेही मागच्या दाराने आणि नवऱ्याच्या बुटांत. वाटेत मी तीन आरोप मनाशी जुळवले होते, त्यांतला एकही आता उपयोगाचा नव्हता. मी एवढंच विचारलं की ह्यांना काय देता.

"खमीर," बाई म्हणाल्या. "चमचाभर. दर गुरुवारी."

धाकटे, मी पोत्यावर बसले.

त्यांनी सांगितलं ते असं. मी तुझ्याकडे आल्यावर चौथ्या दिवशी खमिरावर करडं पाणी सुटलं. ते सुटतंच, ओतून द्यायचं असतं. पण ते मी कागदावर लिहायला विसरले. (हो, माझीच चूक. लिहून ठेव, पुन्हा म्हणणार नाही.) ह्यांनी बरणी उघडली, तर वर पाणी, आत फेस आणि आंबूस वास. चाळीस वर्षं दवाखान्यात काढलेल्या माणसाने निदान केलं: जंतू झाले. आणि जंतू झाल्यावर दवाखान्यात जे करायचे तेच केलं. मोठ्या पातेल्यात पाणी ठेवून बरणी आतल्या मालासकट, झाकणासकट, वीस मिनिटं उकळली. घड्याळ लावून. वर ओटा फिनेलने पुसला. मला विषबाधा होऊ नये म्हणून!

दुसऱ्या दिवशी बरणीत खळ तयार झाली होती. बुडबुडा नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तेव्हा ह्यांच्या ध्यानात आलं की जंतूच तर सगळं काम करत होते. मग हे ती बरणी दोन्ही हातांत धरून बेकरीत गेले आणि विचारलं, "काही होण्यासारखं आहे का?" बाईंनी वास घेतला आणि मान हलवली. हे मटकन खाली बसले, मी बसले होते त्याच पोत्यावर. डोळ्यांत पाणी होतं म्हणे. "पीठ गेलं असेल," असं बाई म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता म्हणाल्या. मग त्यांनी आपल्या डब्यातलं खमीर दिलं. एकदा दिलं की पुरतं, ते पुढे आपलं आपण वाढतं, हे त्यांनी ह्यांना सांगितलंही. पण औषधाचा कोर्स अर्धवट सोडायचा नसतो, या तत्त्वावर हे दर गुरुवारी जाऊन एक चमचा आणतात आणि मी आंघोळीला गेले की बरणीत घालतात.

म्हणजे गेले तीन महिने मी कोणाच्या खमिराचे पाव करतेय? जिच्या पावाला मी चारचौघांत नावं ठेवली तिच्या! शेजारी वाटलेले, लेकीला पाठवलेले, 'सगळं माझ्या हातचं' म्हणून मिरवलेले! मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत. तर म्हणाल्या, "तुम्ही आज विचारलंत." उठता उठता सवयीने समोरचा एक पाव उलटा केला. खालून छान भाजला होता. तोंडात मारल्यासारखी बाहेर आले.

घरी आले तर हे पाव कापत बसलेले, एकेक काप अगदी मापाचा. मला बघून म्हणाले, आजचा उत्तम झालाय. मी तोंड उघडलं. राग इतका आला होता की कानशिलं तापली होती. आणि मग मला तो माणूस दिसला, जो तीन महिने दर गुरुवारी शर्टाला इस्त्री करून, खोटं बोलून, शत्रूच्या दारात बाटली घेऊन उभा राहतो, का, तर मी सकाळी उठून बरणीत बघितलं की माझं तोंड पडू नये. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी तोंड मिटलं. रात्रीच्या सुपात मीठ थोडं जास्त घातलं, तेवढ्यावर भागवलं. आज सोमवार. अजून मी काही बोललेले नाही, आणि ह्यांना काही कळलेलं नाही. (बूट दारात उलटे राहिले होते. ते ह्यांनी सरळ केले आणि काही विचारलं नाही, हे मला आवडलेलं नाही.)

पण रविवारचं काय करू? पंधरा बाटल्या येणार. 'फक्त पीठ, पाणी आणि स्वतःचे हात' म्हणून मी काय वाटू? आणि ऐक, पंधरावं नाव बेकरीवाल्या बाईंचं आहे. मला काही कळायच्या आधीच त्यांनी सूचनेखाली नाव लिहून ठेवलं होतं. म्हणजे मी सगळ्यांसमोर त्यांचंच खमीर त्यांना चमच्याने काढून द्यायचं, आणि त्या निमूटपणे घेणार, हे मला नक्की माहीत आहे. त्या काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. नवीन खमीर करायला अकरा दिवस लागतात. माझ्याकडे सहा आहेत.

असो. औषधं वेळेवर घे, वजन उचलू नकोस, तुझ्या जावयाने दिलेल्या फळांवर स्टिकर असेल तर साल काढून खा. भेटीची ओढ आहेच.

तुझी,
ताई

ता. क. मी तुझ्याकडे आले होते तेव्हा मुरांब्याच्या बाटलीत तुला माझ्या खमिरातलं अर्धं देऊन गेले होते. ते ह्यांनी उकळायच्या आधीचं आहे, म्हणजे जगातलं माझं खरं खमीर आता तुझ्याकडेच आहे. तू जिवापाड सांभाळीन म्हणाली होतीस. त्यातले दोन चमचे शनिवारच्या आत जावयाबरोबर पाठव. झाकण सैल ठेव. खरं तर पत्र यासाठीच लिहिलं.

ता. क. दुसरं. तुझी कुंडीतली झाडं मी पाहिली आहेत, तेव्हा स्पष्टच लिहिते. ते मेलं असेल तर मला कळवू नकोस. कुठल्याही बेकरीतून चमचाभर आण, त्याच बाटलीत घाल आणि पाठव. मी वास घेणार नाही, रबरबँड लावणार नाही आणि तुला कधी विचारणार नाही. मला फक्त रविवारी बाटली हातात घेऊन 'हे माझं' म्हणता आलं पाहिजे.

ता. क. तिसरं. कणीक चढत आलीय, मला घर सोडता येत नाही, म्हणून हे पाकीट ह्यांच्याकडेच टपालात टाकायला देतेय. तीनदा खळ लावली आहे आणि जोडावर सही केली आहे. सही जुळते का बघ.

मेहुणीबाईंस सप्रेम नमस्कार. अक्षर बदललं हे तुमच्या लक्षात आलंच असेल. औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं चाळीस वर्षं वाफेने काढली, त्यामुळे पाकीट उघडायला त्रास पडला नाही; सही पुन्हा जुळवून चिकटवत आहे. जी बाई दूधवाल्याकडेसुद्धा निरोप देत नाही, तिने हे पाकीट आपण होऊन माझ्या हातात दिलं, त्यामुळे आता मलाच संशय येतो आहे. ते असू द्या. तुमची बाटली तिसऱ्याच आठवड्यात झाकण घट्ट लावल्यामुळे फुटली आणि तुम्ही रडत फोन केलात, तेव्हा जावयाबरोबर मी जी दुसरी पाठवली ती बेकरीवाल्या बाईंचीच होती. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, क्षमा असावी. तीच पाठवा. मनात काही आणू नका, चिठ्ठी जोडू नका, आणि तिच्यासमोर चेहरा पाडू नका. चौतीस वर्षांत 'विचारणार नाही' असं तिने पहिल्यांदाच लिहिलं आहे.